सोयाच्या गोळ्या: जावेला फरक पडला, मग मला का नाही?

गणेश चवथ झाली की गोव्यातल्या आमच्या डिचोलीच्या फार्मसीत एक ठरलेली लाट येते. बहिणी, जावा, नणंदा सगळ्या मूळ घरी जमलेल्या असतात, नेवऱ्या तळता तळता कुणीतरी एक घामाने निथळते आणि म्हणते फॅन लाय गो, त्यावर दुसरी म्हणते तुझं पण सुरू झालं काय, म्हणजे पाळी जायच्या वयातला त्रास, आणि मग तिथून गोळ्यांची नावं फिरायला लागतात. आठवड्याभरात काऊंटरवर मोबाईल पुढे येतो, त्यात स्ट्रिपचा फोटो. "वयनी, हीच दे, माझ्या जावेला हिने एकदम बरं वाटलं." काही महिन्यांनी तीच बाई येऊन सांगते, कसलं काय, पैसे फुकट गेले. जाऊ मात्र अजून घेतेय आणि खूश आहे.

आता यात जाऊ खोटं बोलत नाही आणि ही पण बोलत नाही. एकच गोळी, एकच कंपनी, एकच घर, जेवण पण जवळपास एकच, तरी एकीला लागू पडते आणि दुसरीला नाही, आणि यामागे खरंच कारणं आहेत, नुसतं "ज्याची त्याची तब्येत" असं म्हणून सोडून देण्यासारखं ते नाही. काऊंटरवर मागे पाच माणसं प्रिस्क्रिप्शन हलवत उभी असताना एवढं सगळं सांगता येत नाही म्हणून इथे लिहितेय. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पहिल्यांदा या डब्यांत असतं काय ते बघू. सगळ्यात जास्त खपतात त्या सोया आयसोफ्लेव्होन्सच्या गोळ्या, बहुतेक वेळा कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी बरोबर. मग रेड क्लोव्हर, हे चाऱ्याचं एक झाड. मग अळशी, म्हणजे जवस, हिची कॅप्सूल पण मिळते पण खरं तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किलोवर घेतलेली बरी. या तिन्हींत वनस्पतींतली, इस्ट्रोजन या बायकांच्या हार्मोनसारखी द्रव्यं खरोखर आहेत. सोयात जेनिस्टीन आणि डेडझीन, यांनाच आयसोफ्लेव्होन्स म्हणतात, अळशीत लिग्नन्स. त्याच शेल्फवर इव्हनिंग प्रिमरोजचं तेल पण असतं आणि लोक ते पण "त्यातलंच" म्हणून नेतात, पण ते फॅटी अ‍ॅसिड आहे, त्याचा इस्ट्रोजनशी संबंध नाही. ब्लॅक कोहोश सुद्धा इस्ट्रोजनसारखं वागतं असं पूर्वी समजायचे, आता तसं मानत नाहीत, आणि क्वचित का होईना पण लिव्हरला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे ज्यांचं लिव्हर आधीच कुरकुरतंय त्यांना मी ते देत नाही, मग त्या रागावल्या तरी चालेल.

मग येते शतावरी. आमच्याकडे बाळंतिणीला देतात म्हणून सगळ्यांच्या मनात तिच्याबद्दल आधीच विश्वास आहे. तिच्यात सॅपोनिन्स नावाची वेगळ्याच जातीची द्रव्यं असतात आणि तिच्यावर सोयाएवढे मोठे प्रयोग झालेले नाहीत, एवढंच म्हणते आणि पुढे जाते.

"झाडपाल्यातलं आहे म्हणजे सौम्य असणार, काही झालं नाही तरी अपाय तर नाही" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की मी त्यावर आता मेंढ्यांची गोष्ट सांगते. १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात मेंढपाळांवर एक विचित्र संकट आलं. कुरणात एक जातीचं क्लोव्हर भरपूर माजलेलं, मेंढ्या ते खाऊन धष्टपुष्ट, पण गाभण राहीनात. वर्षागणिक कोकरं कमी होत गेली. ज्या कधी व्यालेल्याच नाहीत अशा मेंढ्यांना दूध सुटायला लागलं, खच्ची केलेल्या नरांना पण. बेनेट्स, अंडरवुड आणि शायर या तिघांनी १९४६ मध्ये याच्यावर लिहिलं आणि तेव्हापासून "क्लोव्हर डिसीज" हे नाव पडलं. त्या गवतात फॉर्मोनोनेटीन नावाचं आयसोफ्लेव्होन होतं, मेंढीच्या पोटातले जंतू त्याचं डेडझीन करायचे आणि पुढे त्याचं इक्वॉल. हे इक्वॉल लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

घाबरू नका, आपण मेंढ्या नाही, दिवसभर तेच गवत चरत पण नाही. पण गोष्ट एवढ्यासाठी की झाडातलं द्रव्य खऱ्या खऱ्या प्रजननावर परिणाम करू शकतं, आणि तो किती हे कोण खातंय, किती खातंय आणि पोटात त्याचं काय होतंय यावर ठरतं.

आता शरीरात ही गोळी नेमकं करते काय. आपल्या पेशींत इस्ट्रोजनला बसायच्या जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. बरीच वर्षं एकच प्रकार माहीत होता, मग १९९६ मध्ये स्वीडनमधल्या गुस्टाफसन यांच्या टीमने दुसरा प्रकार शोधला, त्याला बीटा म्हणायला लागले आणि आधीच्याला अल्फा. गर्भपिशवीत अल्फाचं राज्य, तर हाडं, मेंदू, रक्तवाहिन्या अशा ठिकाणी बीटाला महत्त्व. जेनिस्टीनला बीटा जास्त आवडतो. शिवाय आपल्या स्वतःच्या इस्ट्राडायॉलच्या, म्हणजे शरीरात बनणाऱ्या मुख्य इस्ट्रोजनच्या, मानाने ते फारच कमजोर आहे. म्हणून ही गोळी म्हणजे "छोटी हार्मोनची गोळी" असं समजणं चूक. अवयव बदलला की हिचं वागणं बदलतं.

मी हे बसवरून सांगते. संध्याकाळची पणजी-डिचोली कदंबा धरा. तिशीतल्या बाईच्या अंगात इस्ट्रोजन भरपूर, म्हणजे बस गच्च. त्यात सोयाचे हे कमजोर पाहुणे चढले तर ते काही सीटा अडवतात आणि खऱ्या इस्ट्रोजनला उभं राहावं लागतं, म्हणजे एकूण काम थोडं कमीच होतं. पाळी गेलेल्या बाईची बस जवळपास रिकामी, तिथे हेच पाहुणे बसले तर निदान थोडंफार काम होतं. गोळी तीच, पण एकीकडे ब्रेक आणि दुसरीकडे हलकासा अ‍ॅक्सिलेटर. हे अर्थात फार सोपं करून सांगितलंय, आत याच्यापेक्षा बराच गुंता आहे, पण काऊंटरवर एवढं पुरतं.

पाळी चालू असलेल्या बायकांत नेमकं काय दिसलं? १९९४ मध्ये इंग्लंडमध्ये कॅसिडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नियमित पाळी असलेल्या तरुण बायकांना महिनाभर रोज ६० ग्रॅम सोया प्रोटीन दिलं, त्यात ४५ मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन्स. पाळीचा पहिला अर्धा भाग, म्हणजे बीज सुटायच्या आधीचा, तो लांबला आणि मध्यावर एलएच आणि एफएसएच या बीज वाढवणाऱ्या आणि सोडवणाऱ्या हार्मोनची जी उसळी येते ती दबली. बायका होत्या फक्त सहा, पण प्रयोग नीट मापून केलेला. नंतर २००९ मध्ये अशा बऱ्याच चाचण्या एकत्र करून बघितल्या तेव्हा पाळी चालू असलेल्या बायकांत एफएसएच आणि एलएच साधारण २० टक्क्यांनी कमी, चक्र सरासरी एका दिवसाने लांब, आणि इस्ट्राडायॉलमध्ये फरक नाही असं निघालं. निकष कडक लावले की यातले काही आकडे टिकले नाहीत, हे पण त्यांनीच लिहिलंय. पाळी गेलेल्या बायकांत इस्ट्राडायॉल किंचित वाढल्यासारखं वाटलं, पण योगायोग म्हणून सोडून द्यावा एवढंच.

म्हणजे जी बाई "माझं इस्ट्रोजन कमी आहे, ही गोळी घेऊन रिपोर्टमध्ये वाढेल" म्हणून घेते तिची निराशा होणार. रिपोर्टात वाढणार नाही. गोळीतलं द्रव्य इस्ट्राडायॉल नाहीच, त्यामुळे इस्ट्राडायॉलच्या टेस्टमध्ये ते दिसेल कसं?

रिपोर्टांवरून आठवलं. पेडण्याच्या एक बाई मध्यंतरी आल्या होत्या, लहान बहिणीचं घर डिचोलीत म्हणून. पर्समधून प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये नीट लावलेले रिपोर्ट काढले, प्रत्येकावर एफएसएचच्या आकड्याभोवती लाल पेनाने गोल. एका महिन्यात जास्त, पुढच्या महिन्यात एकदम खाली, परत वर. खाली आलेल्या महिन्यात त्या सोयाची गोळी घेत होत्या म्हणून त्यांची खात्री की गोळीने एफएसएच उतरवलं, आणि वर गेला तो गोळी संपली म्हणून. मी त्यांना विचारलं पाळी येते का, म्हणाल्या येते, मनाला वाटलं की येते. मग झालं ना. पाळी जायच्या आधीची जी काही वर्षं असतात त्यांत ओव्हरी एखाद्या महिन्यात चांगली चालते, एखाद्या महिन्यात रुसून बसते, आणि एफएसएच त्याप्रमाणे खालीवर होतं, गोळी घ्या नाहीतर घेऊ नका. चाळिशीच्या मध्यानंतर लक्षणं स्पष्ट असली की एफएसएच करायची सहसा गरजच नसते, बारा महिने सलग पाळी आली नाही म्हणजे गेली, एवढा साधा हिशेब डॉक्टर लावतात. आपल्या देशात हे वय सरासरी ४६-४७ च्या आसपास पडतं, म्हणजे पाश्चात्य बायकांपेक्षा थोडं लवकर. चाळिशीच्या आतच पाळी बंद झाली तर मात्र तो वेगळा मामला, तिथे टेस्ट पण लागतात आणि डॉक्टर पण, सोयाच्या गोळ्यांवर वेळ काढायचा नाही.

त्या बाईंनी फोल्डर मिटला आणि म्हणाल्या मग हे पैसे? मी काय बोलणार.

आता जावेच्या कोड्याकडे येते. सोयातलं डेडझीन पोटात गेलं की आतड्यातले काही ठराविक जंतू त्याचं इक्वॉल बनवतात, तेच मेंढ्यांवालं. इक्वॉल मूळ डेडझीनपेक्षा रिसेप्टरवर नीट बसतं. पण हे जंतू सगळ्यांच्या पोटात नसतात. पाश्चात्य देशांत २५ ते ३० टक्के लोकच इक्वॉल बनवू शकतात, जपान, कोरिया, चीन इकडे ५० ते ६० टक्के. म्हणजे एका घरात दोन जावा एकच गोळी घेतायत, एकीच्या पोटात त्याचं इक्वॉल होतंय आणि दुसरीच्या होतच नाहीये, तर दोघींचा अनुभव सारखा कसा असेल? त्यात मधे अँटिबायोटिकचा कोर्स झाला असेल तर हे जंतू कमी होतात. आमच्याकडे घसा दुखला की अर्धी स्ट्रिप अँटिबायोटिक मागायची जी सवय आहे ती तशीही वाईटच.

आणखी एक मजा सांगते. इक्वॉल पहिल्यांदा सापडलं १९३२ मध्ये, गाभण घोडीच्या मुतात. आणि १९४२ पासून अमेरिकेत विकली जाणारी प्रसिद्ध इस्ट्रोजनची गोळी प्रेमारिन, ती पण गाभण घोडीच्या मुतापासूनच बनते. म्हणजे "मला ते घोड्याचं नको, मला झाडाचं नैसर्गिक दे" म्हणणाऱ्या बाईला काय सांगायचं हा प्रश्नच आहे. मी सांगत नाही. जेवणाच्या वेळेला गिऱ्हाईक तोडायचं नसतं.

हार्मोनच्या गोळ्यांची भीती मात्र कुठून आली ते सांगायला हवं, कारण झाडांच्या गोळ्यांचा धंदा त्या भीतीवरच वाढला. अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह म्हणून मोठा अभ्यास चालू होता, त्यातला इस्ट्रोजन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनसारखं द्रव्य) एकत्र देणारा भाग, १६,६०८ बायकांचा, जुलै २००२ मध्ये मधेच थांबवला, ब्रेस्ट कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं दिसलं म्हणून. जगभर बायकांनी गोळ्या टाकून दिल्या. नंतरच्या वर्षांत तेच आकडे वयाप्रमाणे वेगळे करून बघितल्यावर कळलं की त्यातल्या बऱ्याच बायका साठीच्या पुढच्या होत्या आणि पाळी गेल्यावर दहा वर्षांच्या आत सुरू करणाऱ्यांचं चित्र बरंच बरं आहे. पण बातमी पहिली पोचते, दुरुस्ती पोचत नाही. आमच्याकडे आजही "हार्मोन" म्हटलं की बायका दोन पावलं मागे सरतात. आणि त्याच बायका डोस न बघता दोन-दोन कंपन्यांच्या सोया गोळ्या एकत्र घेतात.

वाफा येतात, म्हणजे एकदम अंग तापून घाम सुटतो, त्यावर सोयाचा उपयोग होतो का? होतो, थोडा. २०१२ मध्ये चाचण्या एकत्र करून बघितलं तेव्हा प्लासिबोच्या (आत औषध नसलेल्या खोट्या गोळीच्या) तुलनेत वाफांची संख्या साधारण २० टक्क्यांनी आणि जोर २६ टक्क्यांनी कमी झाला, डोस बहुतेक ५४ मिलिग्रॅमच्या आसपास. ज्या गोळ्यांत जेनिस्टीन जास्त, जवळपास १९ मिलिग्रॅमच्या वर, त्या जास्त चालल्या. म्हणून मी डबा उलटा करून जेनिस्टीन वेगळं लिहिलंय का बघायला सांगते. बहुतेकांवर नुसतं "सोया एक्स्ट्रॅक्ट" आणि वजन असतं, त्याला काही अर्थ नाही, एक्स्ट्रॅक्ट शंभर मिलिग्रॅम म्हणजे आयसोफ्लेव्होन शंभर मिलिग्रॅम नव्हे.

आणि हे सगळं फार सावकाश होतं. २०१५ च्या एका विश्लेषणात आयसोफ्लेव्होन्सचा जेवढा परिणाम व्हायचा त्याच्या अर्ध्यापर्यंत पोचायलाच तेरा आठवड्यांच्या वर लागतात असं निघालं, इस्ट्राडायॉलला लागतात तीन. त्यामुळे पंधरा दिवसांत "एकदम बरं वाटलं" म्हणणारीला बरं वाटलं ते दुसऱ्या कशाने तरी. वाफांच्या बाबतीत प्लासिबोने सुद्धा पुष्कळ जणींना आराम पडतो, हे प्रत्येक चाचणीत दिसतं, आणि त्यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही, झोप लागली ना, मग लागू दे. शिवाय चवथीच्या दमटपणातून डिसेंबरच्या थंडीत आलं की रात्रीचा घाम असाही कमी होतो, त्याचं श्रेय पण गोळीच घेते!

उलट बाजू पण सांगते, नॉर्थ अमेरिकन मेनोपॉज सोसायटीने २०२३ मध्ये हार्मोन नसलेल्या उपायांची यादी काढली त्यात सोया आणि इक्वॉल दोन्हीची शिफारस केलेली नाही, पुरावा एकसारखा नाही म्हणून. म्हणजे आशा ठेवायची तर बेताची. रात्री तीनदा उठून गाऊन बदलावा लागतो अशी जर अवस्था असेल तर गोळ्यांच्या शेल्फसमोर उभं राहू नका, गायनॅककडे जा, आता बरेच पर्याय आहेत.

मेटाबोलिझमचं आता. इस्ट्रोजन उतरलं की चरबी मांड्यांवरून पोटावर सरकते, एलडीएल, म्हणजे वाईट, कोलेस्टेरॉल चढतं, साखर हट्टी होते, हाडं विरळ व्हायला लागतात. गोव्यात डायबिटीस घरटी एक आहे म्हटलं तरी कुणी भांडायला येणार नाही. त्यामुळे "ही गोळी घेतली की पोट कमी होईल ना?" हा प्रश्न वाफांच्या खालोखाल येतो. नाही होणार. सोया प्रोटीनने एलडीएल ३ ते ४ टक्के उतरतं, तेही गोळीने नव्हे, रोज २५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन जेवणातून गेलं तर. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध खात्याने, १९९९ मध्ये सोया प्रोटीन हृदयाला चांगलं असं पाकिटावर लिहायला परवानगी दिली आणि २०१७ मध्ये ती काढून घ्यायचा प्रस्ताव मांडला, यावरून समजा काय ते. साखरेच्या बाबतीत इटलीत मेटाबोलिक सिंड्रोम (पोट, साखर, बीपी, चरबी एकत्र बिघडणं) असलेल्या, पाळी गेलेल्या बायकांना वर्षभर रोज ५४ मिलिग्रॅम शुद्ध जेनिस्टीन दिलं तेव्हा इन्शुलिन रेझिस्टन्स, म्हणजे शरीराने इन्शुलिनला न जुमानणं, कमी झालेला दिसला, चांगली गोष्ट आहे, पण ते शुद्ध जेनिस्टीन होतं आणि दुकानातली गोळी मिसळण असते.

हाडांचं तर एकदम दोन टोकं. इटलीत त्याच ५४ मिलिग्रॅम जेनिस्टीनने दोन वर्षांत हाडांची घनता वाढली, २००७ ची गोष्ट. आणि अमेरिकेत मायामीला रोज २०० मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन दोन वर्षं दिलं, तर २०११ मध्ये निकाल आला की हाडांना काहीही फायदा नाही, वाफा पण कमी झाल्या नाहीत. जवळपास चौपट डोस, फायदा शून्य. जास्त घेतलं की जास्त उपयोग हे इथे चालत नाही, हे यावरून तरी पटावं. हाडांसाठी म्हणून घेणार असाल तर नाचणीची आंबील, बारके मासे काट्यासकट आणि रोज चाल, ते पण सकाळी मोबाईलवर बोलत मैदानाला एक फेरी मारून परत येण्याइतकं नव्हे.

जेवणातला सोया आणि गोळीतला सोया यांत लोक घोळ करतात. सोयाच्या तेलात आयसोफ्लेव्होन नसतातच. सोया सॉसमध्ये नावापुरते. ग्लासभर सोया दुधात साधारण २५ मिलिग्रॅम, शंभर ग्रॅम टोफूत पण तेवढंच इकडे तिकडे. जपानात लोक रोज २५ ते ५० मिलिग्रॅम जेवणातून खातात, लहानपणापासून. आपल्या शीत-कढीत, खतखत्यात, अळसांद्यांच्या तोणाकात यातलं जवळजवळ काही नाही, चण्यात थोडंसं असतं पण सोयापुढे नगण्य. त्यामुळे जपानी बायकांच्या नावाने गोळ्या विकणाऱ्यांच्या जाहिराती बघितल्या की मला हसू येतं, त्या बायकांचं जेवण वेगळं, पोटातले जंतू वेगळे.

आणि मेथी, काटेकणगी यांच्यात "नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन असतं" असं जे मेसेज फिरतात त्याबद्दल. मेथीत आणि काही जातींच्या रानटी कंदांत डायोस्जेनिन असतं, आणि त्यापासून प्रोजेस्टेरॉन बनतं हे खरंय, १९४० च्या दशकात रसेल मार्कर नावाच्या अमेरिकन केमिस्टने मेक्सिकोतल्या कंदापासून ते करून दाखवलं आणि पुढे अख्खा हार्मोनचा उद्योग त्यावर उभा राहिला. पण ते प्रयोगशाळेत, केमिकल टाकून. आपल्या शरीरात ते यंत्रच नाही. बाणस्तारीच्या बाजारातून काटेकणगी आणा, उकडा, मीठ लावून खा, चवीसाठी. पाळीसाठी नको.

थायरॉइडचं न सांगता पुढे गेले तर मला झोप लागणार नाही. आमच्या दुकानात सकाळी सगळ्यात आधी खपतात त्या थायरॉइडच्या गोळ्या, आणि पाळी जायच्या वयाच्या किती तरी बायका त्या घेतात. सोया त्या गोळीतल्या लिव्होथायरॉक्सिनला आतड्यात नीट शोषू देत नाही. एक बाई होती, टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या टेस्टचा आकडा, वर्षभर नॉर्मल, एकदम चढला, डॉक्टरांनी डोस वाढवला, परत चढला. बोलता बोलता कळलं की सुनेने सकाळी सोया दूध सुरू केलंय, आणि थायरॉइडची गोळी ती त्याच दुधाबरोबर घ्यायची, उपाशीपोटी घ्यायची नाही का असं विचारलं तर म्हणाली दूध म्हणजे काय जेवण आहे? दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवायला सांगितलं आणि डॉक्टरांना पण कळवायला लावलं. सोया बंद करायची गरज नाही, फक्त एकत्र नको. हाच नियम कॅल्शियमला पण आहे, आणि सोयाच्या बहुतेक गोळ्यांत कॅल्शियम असतंच, म्हणजे दुहेरी अडथळा.

गर्भपिशवीचं अस्तर. इटलीतच रोज १५० मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन पाच वर्षं दिलेल्या बायकांपैकी थोड्या जणींचं अस्तर जाड झालेलं सापडलं, २००४ चा अभ्यास, प्लासिबोवाल्यांत एकीचंही नाही. कॅन्सर कुणालाच झाला नाही, आणि अडीच वर्षांपर्यंत दोन्ही गटांत फरक नव्हता. दुसरीकडे युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये सगळं तपासून सांगितलं की पाळी गेलेल्या बायकांत रोज ३५ ते १५० मिलिग्रॅमने स्तन, पिशवी, थायरॉइडला अपाय झाल्याचा पुरावा दिसत नाही. दोन्ही एकत्र वाचायचं. माझा अर्थ एवढाच, डोस मधला, वर्षानुवर्षं न थांबता नको, आणि पाळी गेल्यावर वर्षभराने जर एक थेंब जरी रक्त दिसलं तर "गोळीने परत पाळी आली, तरुण झाले" असं हसण्यावारी न्यायचं नाही, थेट सोनोग्राफी. हे वाक्य एका बाईने मला खरंच म्हटलं होतं, हसत हसत. मी तिला दुकानातूनच डॉक्टरला फोन लावून दिला.

ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलेल्यांना जेवणातल्या सोयाने नुकसान झालेलं दिसत नाही, चीनमधल्या मोठ्या अभ्यासात उलट बरंच चित्र होतं, पण ते जेवण. गोळी आपल्या ऑन्कॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय नाही, टॅमॉक्सिफेन (ब्रेस्ट कॅन्सरची इस्ट्रोजन अडवणारी गोळी) चालू असेल तर मुळीच नाही. आणि ज्यांनी कधीच स्तन तपासून घेतले नाहीत त्यांच्यासाठी, "स्वस्थ महिला, स्वस्थ गोंय" हा सरकारी कार्यक्रम २०२१ पासून आहे, तुमच्या हेल्थ सेंटरवर विचारा, लाजू नका.

मुलींच्या पीसीओडीसाठी (यालाच पीसीओएस पण म्हणतात) आया येतात. कॉलेजातली मुलगी, पाळी दोन-दोन महिने नाही, हनुवटीवर केस, आणि आईला इंटरनेटवर सोया सापडलेला. पीसीओएसमध्ये ५० मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होनने बारा आठवड्यांत इन्शुलिन आणि टेस्टोस्टेरॉन थोडं उतरल्याची चाचणी आहे, इराणमधली, पण लहान. ज्या मुलीचं बीजच वेळेवर सुटत नाही तिला एलएचची उसळी दाबणारी गोष्ट आईच्या अंदाजाने द्यायची मला तरी हिंमत होत नाही. आणि मूल हवंय म्हणून प्रयत्न चालू असतील किंवा दिवस गेलेले असतील तर गोळी नाहीच, टोफूची भाजी खुशाल खा.

एवढं वाचूनही घ्यायचीच असेल, वाफा सहन होण्यासारख्या आहेत पण तापदायक आहेत, पाळी गेली आहे, स्तन आणि पिशवी तपासलेली आहे, तर माझी हरकत नाही, मी स्वतः विकते. एकच ब्रँड घ्या, आयसोफ्लेव्होन किती ते लिहिलेला, ५० च्या आसपास. डब्यावर "औषधी वापरासाठी नाही" असं लिहिलेलं दिसेल, ते कायद्याने लिहावंच लागतं, कारण हे सप्लिमेंट आहे, याची तपासणी औषधासारखी होत नाही. सुरू करायच्या आधी आठवडाभर कॅलेंडरवर दिवसाला किती वाफा आल्या त्याच्या रेघा मारा, मग तीन-चार महिन्यांनी परत आठवडाभर मारा. रेघा कमी झाल्या तर चालू ठेवा आणि वर्षाला एकदा डॉक्टरला दाखवा, तेवढ्याच राहिल्या तर बंद करा, ब्रँड बदलून परत पहिल्यापासून सुरू करू नका. आणि दुसऱ्या कुठल्याही कारणाने डॉक्टरकडे गेलात तरी चालू औषधांत हिचं नाव सांगा. बायका नेमकी हीच गोळी सांगायची विसरतात, म्हणे ते काय औषध आहे?